ऑनर हॅरिंग्टन मालिका कुठे थांबायला हवी होती?

कोथरूडकर

डेव्हिड वेबरच्या ऑनर हॅरिंग्टन मालिकेचा विषय निघाला की पुण्यातल्या आम्हा वाचकांत एक सल्ला हमखास दिला जातो: पहिली आठ पुस्तकं वाचा, पुढची सोडा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिलं पुस्तक 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' १९९३ साली आलं. मँटिकोर हे लहान, श्रीमंत, राणीचं राज्य असलेलं तारामंडळ. पलीकडे हेवन नावाचं अवाढव्य प्रजासत्ताक. तिथल्या सत्ताधाऱ्यांनी जनतेला गप्प ठेवण्यासाठी पिढ्यानपिढ्या फुकट भत्ता वाटला, तिजोरी आटली आणि ती भरायला ते शेजारचे ग्रह गिळू लागले. ऑनर मँटिकोरच्या नौदलातली अधिकारी. पहिल्या पुस्तकात तिच्या हाताखाली एक जुनी हलकी क्रूझर आहे, आणि २०१८च्या 'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर'पर्यंत, म्हणजे मुख्य मालिकेच्या चौदाव्या कादंबरीपर्यंत, ती अख्खं आरमार चालवते. तिच्या खांद्यावर निमित्झ असतो, सहा पायांचा, भावना ओळखणारा ट्रीकॅट. उपमालिका आणि कथासंग्रह वेगळेच.

माझं म्हणणं असं की वेबर लढाईपेक्षा युद्धावर लिहितो. लढाई काही तासांत निकालात निघते. युद्ध गोदीत, खजिन्यात आणि संसदेत वर्षानुवर्षं चालतं, आणि तिथे जाणारे लेखक फार थोडे. 'फील्ड ऑफ डिसऑनर' (१९९४) बघा. अंतराळातली लढाई त्यात जवळपास नाहीच. लढाईतून पळालेल्या एका उमरावावर खटला चालतो, पण त्याच्या घराण्याचं वजन एवढं की पूर्ण न्याय केला तर युद्धाच्या घोषणेला लागणारी मतंच फुटतात. मग निकालात तडजोड होते, आणि तिची किंमत ऑनरला आपल्या प्रियकराच्या जिवाने मोजावी लागते. 'वॉर ऑफ ऑनर'मध्ये (२००२) तर मँटिकोरचं सरकार तह मुद्दाम लांबवतं, कारण तह झाला की युद्धकर बंद करावे लागतील. कर चालू ठेवायचे, जहाजं मात्र मोडीत काढायची! दुसऱ्या बाजूला हेवनचा परराष्ट्रमंत्री येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही खलित्यांत फेरफार करतो. खरं म्हणजे दोन्ही देशांना शांतता हवी असते, तरी युद्ध पेटतं. हे सगळं 'कंटाळवाणं' म्हणून ज्यांनी सोडलं त्यांनी मालिकेचा गाभाच सोडला.

आपल्याला तर हे जास्त कळायला हवं. पानिपताला १४ जानेवारी १७६१ ही एकच तारीख नाही. भाऊसाहेबांचा तळ तिथे नोव्हेंबरपासून होता, सोबत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे फार. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि अन्नाची वाट बंद झाली. १४ जानेवारीला सैन्य बाहेर पडलं ते उपाशीपोटी. या गोष्टीतून रसद काढून टाकली तर उरतो तो फक्त पराक्रम, आणि मग पराभव का झाला ते कधीच समजत नाही.

तेव्हा सांगा, तुमच्या मते मालिका कुठे थांबायला हवी होती, आणि का?

सदाशिव पेठ

'ॲट ऑल कॉस्ट्स'ला, २००५ साली. त्यापुढे एक पानही नको होतं.

युद्ध फक्त रणांगणावर होत नाही हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार कारागिरीची आहे. संपादकाची कात्री ही लेखकाची शत्रू नसते, पण वेबरची पुस्तकं विकली जाऊ लागल्यावर त्याच्या हस्तलिखितावर ती कुणी चालवलेली दिसत नाही. खरं तर सवय पहिल्या पुस्तकापासूनचीच आहे. शेवटचा पाठलाग ऐन भरात आलेला, क्रूझर फुटायच्या बेताला आलेली, आणि मधेच वेबर हायपरस्पेस म्हणजे प्रकाशाहून वेगाच्या प्रवासाचा इतिहास आणि शास्त्र पानंच्या पानं सांगत बसतो. तेव्हा हे एकदा घडलं, पुढे तीच पद्धत झाली.

'स्टॉर्म फ्रॉम द शॅडोज' (२००९) मध्ये मागच्या पुस्तकात येऊन गेलेल्या घटना दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा येतात. 'शॅडो ऑफ फ्रीडम' (२०१३) आणि 'शॅडो ऑफ व्हिक्टरी' (२०१४) त्याच काळावर पुन्हा फिरतात. वाचक नवीन पुस्तक विकत घेतो आणि त्याला कॅलेंडर पुढे सरकलेलंच दिसत नाही. त्यात बैठका. एक गट टेबलाभोवती बसून आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट ठरवतो, पुढच्या प्रकरणात शत्रूचा गट तीच गोष्ट आपल्या बाजूने ठरवतो. यातून युद्धाची व्याप्ती कळत नाही, कागद तेवढा खर्च होतो.

पानिपताचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' नावाची विज्ञानकथा लिहिली. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत कानाजवळून निघून जाते आणि हिंदुस्थानचा इतिहासच वेगळा होतो. एक गोळी, एक प्राध्यापक, दोन जगं. ती शाळेत असताना वाचली आणि अजून डोक्यातून गेलेली नाही. एवढा मोठा विचार एका लघुकथेत मावतो, तर मँटिकोरचा अर्थसंकल्प शेकडो पानं का खातो?

वानवडीहून

मी नौदलातून निवृत्त झालो, आता पुण्यात स्थायिक आहे. सेवेतल्या माणसाला ही पुस्तकं कशी दिसतात ते सांगतो.

पहिलं पुस्तक मी तरुण अधिकाऱ्यांना आवर्जून वाचायला द्यायचो, आणि त्यातल्या अखेरच्या लढाईसाठी नाही. ऑनरला शिक्षा म्हणून बॅसिलिस्कला धाडलेलं असतं. जहाजावरची नेहमीची शस्त्रं काढून एका वरिष्ठाच्या हट्टापायी प्रायोगिक शस्त्र बसवलेलं असतं. युद्धसरावात ते एकदा चालतं, मग सगळे सावध होतात आणि तिचं जहाज हरत राहतं. खलाशी नाराज, वरचा अधिकारी जहाज दुरुस्तीच्या नावाखाली निघून गेलेला. अशा वेळी ती काय करते? नियमाप्रमाणे काम सुरू करते. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापारी जहाजांची तपासणी, जकात, तस्करीचा माल जप्त. वर्षानुवर्षं कुणी न केलेलं कंटाळवाणं काम. त्या कामातून हेवनचा डाव उघडा पडतो आणि त्याच कामातून खलाशांचा स्वाभिमान परत येतो. समुद्रावरची गस्त अशीच असते. लांबच लांब कंटाळा, आणि त्या कंटाळ्यात कोण किती चोख राहिलं यावर पुढचं सगळं ठरतं. हे इतकं बरोबर लिहिलेलं मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचलं आहे.

त्यांच्या नौदल अकादमीत, सागानामी आयलंडवर, व्यापारी ताफा वाचवताना मेलेल्या एडवर्ड सागानामीची परंपरा सांगितली जाते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेल्या कुणालाही ते वातावरण परकं वाटणार नाही.

न पटणारी गोष्टही सांगतो. ऑनर जसजशी वर चढते तसतशी ती आघाडीवर असायला नको. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस प्रत्येक निर्णायक जागी स्वतः हजर, हे कुठल्याही नौदलात होत नाही. होऊही नये. मुख्य पात्र बाजूला ठेवून खालच्या कॅप्टनांकडे जाणं हे वेबरने उपमालिकांत केलं आणि 'द शॅडो ऑफ सागानामी' (२००४) म्हणूनच मला शेवटच्या काही मुख्य कादंबऱ्यांपेक्षा सरस वाटतं. सदाशिव पेठ, तुम्ही उपमालिकांना सरसकट झोडपता ते मला मान्य नाही.

सदाशिव पेठ

सरसकट नाही. 'सागानामी' चांगलं आहे, कारण त्यात एक जहाज आहे, एक कॅप्टन आहे, नवशिके अधिकारी आहेत आणि गोष्ट संपते. त्याच्यानंतरच्या भागांत ती संपत नाही.

औंधवाली

मी भौतिकशास्त्र शिकवते. या मालिकेतलं विज्ञान म्हणजे नुसती सजावट आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं.

जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाच्या दोन तिरप्या पाती तयार होतात, त्यांतून कुठलंही शस्त्र आरपार जात नाही. दोन्ही कुशींना त्याहून कमकुवत भिंती. पुढचं आणि मागचं तोंड मात्र उघडं. ही रचना वेबरने मुद्दाम अशी केली, कारण त्याला शिडाच्या जहाजांचं युद्ध अंतराळात आणायचं होतं. पहिलं पुस्तक त्याने शिडाच्या जहाजांवरच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या सी. एस. फॉरेस्टरला अर्पण केलं आहे, त्यात सगळं आलं. शिडाच्या जहाजाचा तोफखाना कुशीला, नाक आणि पिछाडी दुबळी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने हेच तर हेरलं होतं. गुराबेच्या नाळेवर पुढे रोखलेल्या तोफा, वारा पडला तर गुराब ओढायला वल्ह्यांची गलबतं, आणि हल्ला शक्यतो शत्रूच्या पिछाडीवर, जिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत. कुलाबा-विजयदुर्गाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला ऑनर जहाज का वळवते हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रकाश एका मिनिटात साधारण १ कोटी ८० लाख किलोमीटर जातो. शत्रू तेवढ्या अंतरावर असेल तर तुम्ही बघता ते मिनिटापूर्वीचं, आणि क्षेपणास्त्राला पाठवलेला हुकूम पोचायला आणखी एक मिनिट. या उशिरातच सगळी चकवाचकवी होते. मग मँटिकोर गुरुत्वाच्या लहरींनी प्रकाशाहून वेगाने निरोप धाडायला शिकतं. पुढे ते तंत्र थेट क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणात येतं आणि सत्तेचा तोलच बदलतो. एकच नियम बदलला आणि त्याचे परिणाम इमानदारीने शेवटपर्यंत नेले. याला मी विज्ञानकथा म्हणते.

जहाजांच्या मूळ आकडेवारीत लांबी-रुंदी आणि वजन यांचा मेळ बसत नव्हता, घनता हास्यास्पद कमी येत होती, हे खरं आहे. ते लक्षात आणून दिल्यावर मापं दुरुस्त केली गेली. ज्या मालिकेचे वाचक भागाकार करून बघतात आणि लेखक तो मान्य करतो, त्या मालिकेचा मला आदरच वाटतो.

बिबवेवाडी

औंधवाली, आंग्र्यांचं उदाहरण सुंदर आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. सुरुवातीच्या पुस्तकांत कॅप्टनची हुशारी मोजली जायची. जहाज कधी वळवायचं, तोंड कधी उघडं टाकायचं, किती जवळ जायचं. एकदा का क्षेपणास्त्रांचे खोके ओढत न्यायचं तंत्र आलं आणि एका फेरीत हजारो क्षेपणास्त्रं सुटू लागली, की कॅप्टन कोण आहे याला काय किंमत राहिली? एवढी सोडली, एवढी भुलवली गेली, एवढी मधेच पाडली, उरलेली लागली. पानभर वजाबाकी, आणि शेवटी शत्रूचा ताफा गायब. सोलेरियन लीग या जुन्या, अवाढव्य महासत्तेविरुद्धच्या लढायांत तर निकाल आधीपासून ठरलेला. ज्याच्याकडे जुनाट शस्त्रं, तो मरणार. जिथे हरण्याची भीती नाही तिथे मी कुणासाठी जीव मुठीत धरू?

औंधवाली

पण खऱ्या नौदलांचं हेच झालं ना? १९०६ साली ड्रेडनॉट आली आणि तिच्याआधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजांनी त्या मोठ्या तोफांच्या नौकांनाही मागे टाकलं, आरमारं एकमेकांना न बघता लढू लागली. शौर्याची जागा यंत्राने घेतली याचं दुःख त्या काळच्या नाविकांनाही झालं असेल. वेबर तेच दाखवतो. सोलेरियन ताफा मरतो तेव्हा मला विजय वाटत नाही. शेकडो वर्षं कुणी आव्हान न दिल्यामुळे माजलेली एक यंत्रणा आपल्या हजारो खलाशांना काहीही न कळू देता मृत्यूच्या तोंडी देते. ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा म्हणूनच ते लिहिलंय.

बिबवेवाडी

काटा पहिल्यांदा येतो. तिसऱ्यांदा तेच घडलं की येत नाही.

हडपसरची वाचक

सगळे जहाजं आणि क्षेपणास्त्रं यातच अडकलेत. ग्रेसनबद्दल कुणी बोलणार आहे का?

माझ्यासाठी ही मालिका दुसऱ्या पुस्तकात, 'द ऑनर ऑफ द क्वीन'मध्ये सुरू होते. ग्रेसन हा धर्मनिष्ठ लोकांनी वसवलेला ग्रह. माती, पाणी, हवा, सगळ्यांत जड धातूंचं विष. तिथे जगायचं तर घुमटाखाली, प्रत्येक घास शुद्ध करून. त्या धास्तीतून समाज आवळत गेला, बायका घरात कोंडल्या गेल्या, पुरुष त्यांचे 'रक्षक' झाले. अशा ठिकाणी राणीची प्रतिनिधी म्हणून एक स्त्री कॅप्टन येते. सोपं लिहिणारा लेखक असता तर त्याने ग्रेसनच्या पुरुषांना एकजात दुष्ट तरी केलं असतं किंवा एका भाषणाने सुधारलं तरी असतं. वेबर दोन्ही टाळतो. दुष्टपणा मसाडा या ग्रेसनच्या शत्रू ग्रहाकडे आहे. ग्रेसनचे लोक सभ्य आहेत, श्रद्धाळू आहेत आणि चुकीचे आहेत. ऑनर त्यांच्या राज्यकर्त्याचा जीव वाचवते, त्यात स्वतःचा एक डोळा गमावते, आणि तिला तिथली जहागीर मिळते. मग पुस्तकामागून पुस्तक तो समाज हळूहळू बदलतो. कुणी मनापासून, कुणी दात-ओठ खात, कुणी कट रचून विरोध करत. 'फ्लॅग इन एग्झाइल' (१९९५) पूर्ण त्यावर उभं आहे.

आता मला सांगा, हा बदल एका लघुकथेत कसा दाखवणार? मुलींच्या पहिल्या शाळांपैकी एक निघाली त्याच पुण्यात आपण राहतो. १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी वर्ग भरवला. त्यानंतर सर्वसामान्य घरातल्या मुली कॉलेजात पोचायला किती पिढ्या गेल्या? समाजाला वेळ लागतो. तो वेळ वाचकालाही अनुभवायला मिळावा म्हणूनच तर मालिका लांब हवी. नारळीकरांची कथा मलाही प्रिय आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. इतिहास एका क्षणात कसा वळू शकला असता, हा तिचा प्रश्न. मन बदलायला पिढ्या का लागतात, हा ग्रेसनचा.

ऑनरला सर्वगुणसंपन्न म्हणून नावं ठेवणाऱ्यांनाही एक विचारायचंय. डोळा गेला, हात गेला, प्रियकर मारला गेला, चेहऱ्याची एक बाजू निकामी झाली. अशाच मोडूनही उभ्या राहणाऱ्या पुरुष नायकांना आपण नायकच म्हणतो.

पौड रोड

पुरुष असता तरी मी हेच म्हणालो असतो. जखमा म्हणजे दोष नव्हे. ती चुकत नाही, ही माझी अडचण आहे. तिला रागाने आंधळं होताना वेबर एक-दोनदाच दाखवतो, आणि तीच पानं सर्वांत जिवंत आहेत.

पण माझा मुख्य आक्षेप राजकारणाचा आहे, आणि तो मी सौम्य शब्दांत मांडणार नाही. हेवन का कोसळतं? कारण त्याने गरिबांना भत्ता दिला. मँटिकोर का भरभराटीला येतं? कारण तिथे शहाणी राणी, कर्तबगार उमराव आणि व्यापारी मार्ग आहे. मँटिकोरच्या संसदेतले उदारमतवादी म्हणजे बहुतेक भाबडे नाहीतर ढोंगी. वाचता वाचता हा विचार वाचकाच्या गळी उतरतो की गरिबावर केलेला खर्च देशाला युद्धखोर करतो. महाराष्ट्रात बसून मी हे कसं पटवून घेऊ? १९७२च्या दुष्काळात इथे रोजगार हमी सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला. माझ्या आजीने बीड जिल्ह्यात त्या कामावर खडी फोडली आहे. त्या पैशावर घर जगलं. कुठल्या शेजारी राज्यावर चाल करून गेलो आम्ही?

वानवडीहून

रोजगार हमीत काम आहे, हेवनच्या भत्त्यात काम नाही. तिथे सत्ता विकत घेण्यासाठी भत्ता दिला जातो, मत विकत घेऊन मतदानच निरर्थक करून टाकण्यासाठी. वेबरचा रोख तिकडे आहे असं मी वाचलं.

पौड रोड

तुम्ही समजूतदारपणे वाचलंत. पुस्तकात तो फरक करणारं एकही पात्र मला आठवत नाही. भत्त्यावर जगणाऱ्या माणसाच्या घरात वेबर किती वेळा शिरतो? उमरावांच्या दिवाणखान्यात मात्र सारखा असतो.

कोथरूडकर

पौड रोड, तुमच्या आक्षेपात वजन आहे. आजीची गोष्ट लिहिलीत, बरं झालं. तरी हेवनची कथा तिथे संपत नाही, आणि पुढची पुस्तकं सोडू नका असं मी म्हणतो ते याचसाठी.

तिसऱ्या पुस्तकात रॉब पिएरचा उठाव होतो. फ्रेंच राज्यक्रांतीची सावली वेबर लपवतही नाही. जनसुरक्षा समिती, प्रत्येक जहाजावर राजकीय आयुक्त, हरलेल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला शिक्षा. आणि या नरकात त्याने थॉमस थिझमन उभा केला. पहिल्या काही पुस्तकांत तो फक्त शत्रूच्या बाजूचा एक सभ्य अधिकारी असतो. 'ॲशेस ऑफ व्हिक्टरी'च्या (२०००) अखेरीस तोच माणूस राजधानीत हुकूमशहाला संपवतो. सत्ता हातात आलेली असते, तरी स्वतः गादीवर बसत नाही. जुनी राज्यघटना पुन्हा लागू करतो आणि एलोईज प्रिचर्ट राष्ट्राध्यक्ष होते. आता उमरावांचं सरकार मँटिकोरमध्ये सडतंय आणि लोकशाही हेवनमध्ये उभी राहतेय. नवव्या-दहाव्या पुस्तकाला वेबरने आपलाच पट उलटा केला. आठव्याला थांबणाऱ्याला हे दिसतच नाही. त्याच्यासाठी हेवन कायमचं भत्तेखाऊ राक्षसच राहतं.

आणि 'मिशन ऑफ ऑनर' (२०१०). पडद्याआडून कारस्थान करणाऱ्या मेसा या ग्रहाची अदृश्य जहाजं येतात आणि मँटिकोरच्या ताफ्याला हात न लावता गोद्याच उडवतात. जहाजं बांधणारे कारागीर, त्यांची कुटुंबं, सगळं एका सकाळी नाहीसं होतं. गोद्या असलेल्या, फुटलेल्या अंतराळस्थानकाचे तुकडे स्फिंक्स ग्रहावर कोसळतात, आख्खं शहर जातं, ऑनरचे नातेवाईक त्यात जातात. या मालिकेत मला सर्वांत जास्त हादरवणारी घटना हीच, आणि तिच्यात लढाई नाही. मागच्या नऊ-दहा पुस्तकांत त्या गोद्यांचे अर्थसंकल्प, वेळापत्रकं, भांडणं वाचली नसती तर तो घाव मला एवढा लागलाच नसता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. तिथे पिढ्यानपिढ्या नोकरी केलेली घरं या धाग्यावरही असतील. युद्धाच्या गोष्टींत अशा घरांना जागा देणारे लेखक किती?

खडकी

आमचं घर त्यातलंच. आजोबा, वडील दोघेही कारखान्यात. कोथरूडकरांनी सांगितलेला भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. बाकी वादात मला पडायचं नाही.

सदाशिव पेठ

तो भाग मलाही लागला. लांबीबद्दलचं माझं मत त्याने बदलत नाही. गोद्यांचे अर्थसंकल्प आधी वाचले म्हणून घाव लागला, असं तुम्ही म्हणता. मला तो त्या स्थानकावरच्या माणसांच्या मोजक्या प्रसंगांमुळे लागला. आदल्या पुस्तकांतल्या समित्यांतलं एक नावही मला आठवत नव्हतं.

आणि मुख्य मुद्दा राहूनच गेला. वेबरने स्वतः सांगितलंय की मूळ आराखड्यात ऑनर 'ॲट ऑल कॉस्ट्स'मधल्या मँटिकोरच्या लढाईत मरणार होती. कथा एक पिढी पुढे जाणार, तिची मुलं ती पुढे नेणार. एरिक फ्लिंटबरोबरच्या पुस्तकांमुळे मेसाचं कारस्थान ठरल्यापेक्षा खूप आधी उघड झालं, मधली वर्षं आटली, आणि ती वाचली. ती लढाई पुन्हा वाचा. दोन्ही ताफ्यांचा संहार, जुने सोबती संपलेले, मुलगा नुकताच जन्मलेला. प्रत्येक धागा तिच्या मरणाकडे चाललेला दिसतो. तिथे ती गेली असती तर मराठीतच काय, कुठल्याही भाषेत शोभावी अशी शोकांतिका झाली असती. ती जगली आणि पुढची पुस्तकं एका अशा स्त्रीची झाली जिचं आता काही बिघडू शकत नाही.

हडपसरची वाचक

तिचं काही बिघडू शकत नाही? आत्ताच तर तिचे नातेवाईक मेल्याचं बोललो आपण.

नायिकेने देशासाठी मरावं म्हणजे गोष्ट पूर्ण झाली, ही अपेक्षाच मला नको वाटते. ती जगली, लेकरू वाढवलं, म्हातारी होईपर्यंत तिला जगावं लागणार. त्यांच्याकडे आयुष्य लांबवणारा उपचार आहे, म्हणजे शतकं. तिच्या हुकमावर मेलेल्यांची आठवण घेऊन शतकं जगायचं. मला त्यात मरणाहून जास्त शोकांतिका दिसते.

सदाशिव पेठ

मग वेबरने ती लिहायला हवी होती. त्याने पुढचं युद्ध लिहिलं.

फर्ग्युसन रस्ता

मी अजून एकही वाचलेलं नाही, हा धागा वाचून सुरू करावंसं वाटतंय. कॉलेजचा विद्यार्थी आहे, एवढी पुस्तकं विकत घेणं परवडणार नाही. कुठून सुरुवात करू?

औंधवाली

पहिल्यापासूनच, छापलेल्या क्रमाने. प्रकाशक बेन यांनी पहिलं पुस्तक आपल्या मोफत ई-ग्रंथालयात ठेवलं होतं, तिथे आधी शोध. अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सुटे भाग सापडतात, पण मधलाच एखादा हाती लागला म्हणून तिथून सुरू करू नकोस.

पौड रोड

वाच, पण हेवनबद्दल लेखक जे सांगेल ते तपासत वाच.

बिबवेवाडी

पहिली चार वाच. चौथ्याच्या शेवटी तुला पाचवं हवंच असेल तर पुढे जा. आणि पहिल्या पुस्तकातल्या पाठलागात हायपरस्पेसचा इतिहास सुरू झाला की सरळ पानं उलट.

औंधवाली

उलटू नकोस. पुढची प्रत्येक लढाई त्या पानांतल्या नियमांवर चालते.

वानवडीहून

पानं उलटायची की नाही ते तुझं तू ठरव. बॅसिलिस्कवरची जकात तपासणीची प्रकरणं मात्र घाईने वाचू नकोस. ती छोटी जहाजं घेऊन कनिष्ठ अधिकारी मालाच्या पेट्या उघडत फिरतात, तिथे एकही गोळी सुटत नाही. कॅप्टन म्हणून ऑनर कोण आहे ते तिथे समजतं.